साधनेची परतीची वाट

आपला जन्म नेमका कशासाठी, हा प्रश्न आज पुन्हा जोराने विचारला जाऊ लागला आहे. मोबाइलवर श्वास मोजून देणारी ॲप आली, शनिवार-रविवारची मौन शिबिरे आली, शहरांतल्या सोसायट्यांमध्ये पहाटे ध्यानाचे वर्ग भरू लागले. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरे चालतात आणि तिथे बसायला येणाऱ्यांचा ओघ थांबलेला नाही. नोकरी मिळाली, घर झाले, मुले मार्गी लागली, तरी काहीतरी राहून गेल्याची हुरहूर जात नाही, म्हणून माणसे आत वळून पाहतात. ही हुरहूर खरी आहे. रिकामटेकड्यांचा छंद म्हणून तिला बाजूला सारणे अन्यायाचे होईल.

अडचण त्यापुढे सुरू होते. ध्यानात बसलेल्या माणसाला आतून जे उमगते, ते खरेच त्याच्या आत्म्याचे प्रयोजन आहे की मनाने रचलेला आणखी एक खेळ आहे, हे ठरवायचे कसे? डोळे मिटलेले असताना ते ठरत नाही. डोळे उघडल्यावर समोर जो माणूस येतो, त्याच्या दुःखाशी आपण काय करतो, तिथे ते ठरते. हे पटवायला वेदान्ताच्या पोथ्या उघडण्याची गरज नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास त्यासाठी पुरेसा आहे.

१९८२ पर्यंत हे दोन्ही मिळून एकच जिल्हा होता. त्या वर्षी वैनगंगेपलीकडचा गडचिरोली वेगळा झाला. महाराष्ट्राच्या नकाशावर हा भाग कोपऱ्यात पडतो. साग, बांबू, मोह, तेंदू, धानाच्या बांध्या आणि कोळशाच्या खाणी एवढीच त्याची ओळख बाहेर पोचते. मात्र आत्मशोध कुठून सुरू होतो आणि कुठे पोचावा लागतो, याचे इतके ठळक दाखले राज्यात दुसऱ्या कोणत्याही भागात एकमेकांच्या इतके जवळ सापडणार नाहीत.

त्यातला पहिला दाखला गोंदोड्याचा. चिमूर तालुक्यातले हे ठिकाण आज तपोभूमी म्हणून ओळखले जाते. अमरावती जिल्ह्यातल्या यावली गावी ३० एप्रिल १९०९ रोजी जन्मलेला माणिक बंडोजी इंगळे हा गरीब घरचा मुलगा. शाळा प्राथमिक इयत्तांपुढे गेली नाही, भजनाचे वेड मात्र जबर. वरखेडच्या आडकोजी महाराजांनी त्याला तुकड्या हे नाव दिले. गुरू गेल्यानंतर हा मुलगा घर सोडून रानात शिरला. रामटेक, सालबर्डी, रामदिघी, गोंदोडा अशा निर्जन ठिकाणी त्याने ध्यान आणि योगाभ्यास केला. त्या काळात या जंगलांत वाघांचा वावर होता, अन्नपाण्याची शाश्वती नव्हती. तिथे त्याला काय दिसले, काय जाणवले, यावर भक्तांनी अनेक कथा रचल्या आहेत. त्या कथांपेक्षा महत्त्वाचे आहे ते त्याने नंतर काय केले ते.

तो परत आला. हातात खंजिरी घेऊन गावोगाव फिरू लागला, आणि त्याच्या भजनांत गावाची सफाई आली, व्यसनमुक्ती आली, अस्पृश्यतेचा धिक्कार आला, मुलींचे शिक्षण आले. १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. १९३६ मध्ये तुकडोजी महाराज सेवाग्रामला गांधीजींजवळ सुमारे महिनाभर राहिले. पुढे लिहिलेल्या ग्रामगीतेच्या ४१ अध्यायांत ईश्वरचिंतनाच्या बरोबरीने आरोग्य, ग्रामसफाई, ग्रामोद्योग, स्त्रियांची उन्नती हे विषय येतात. एखाद्या विहिरीभोवतीचा चिखल कसा काढावा हे सांगताना या संताला अध्यात्म सोडून काही वेगळे बोलतो आहोत असे वाटले नाही. त्यांच्या मते मोक्ष आणि मोरी एकाच गावात होत्या.

चिमूरने या साधनेची परीक्षा घेतली. १९४२ च्या ऑगस्टमध्ये, ‘चले जाव’ चळवळीच्या दिवसांत, महाराजांच्या भजनांनी हा सारा टापू पेटला होता. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूरच्या लोकांनी मोर्चा काढला. पोलिसांच्या गोळीबारात बालाजी रायपूरकर हा कोवळ्या वयाचा मुलगा बळी पडला. संतापलेल्या जमावाच्या हातून सरकारी अधिकारी मारले गेले. त्यानंतर गोऱ्या सैनिकांची तुकडी गावात उतरली आणि पुरुष तुरुंगात किंवा रानात असताना मागे राहिलेल्या बायकांवर अत्याचार झाले. महिनाअखेरीस महाराजांना चंद्रपुरात अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात त्यांना ठेवण्यात आले. चिमूरच्या आणि तसाच उठाव झालेल्या आष्टीच्या कैद्यांना फाशीच्या शिक्षा सुनावल्या गेल्या; त्या रद्द व्हाव्यात म्हणून देशभर मोहीम झाली आणि अखेर १९४५ मध्ये त्या जन्मठेपेत बदलल्या.

हिंसेचे समर्थन कोणी करू नये. मुद्दा वेगळा आहे. गोंदोड्याच्या एकांतात बसलेल्या माणसाला चिमूरच्या बाजारचौकापासून दूर राहता आले असते. भजनी बुवा म्हणून त्याला सरकारनेही त्रास दिला नसता. सुटकेनंतरही महाराज गप्प बसले नाहीत. गावागावांत श्रीगुरुदेव सेवा मंडळे उभी राहिली आणि पहाटेचे सामुदायिक ध्यान व संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना हा त्यांचा नित्यक्रम झाला. त्या प्रार्थनेत कोण कुठल्या जातीचा, हे विचारले जात नाही. आजही पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीतल्या कितीतरी गावांत संध्याकाळी माणसे प्रार्थनेला ओळीने बसतात. एकट्याने रानात केलेली साधना सगळ्या गावाला रोज करता येईल एवढी सोपी करून दिली, हे महाराजांचे मोठे काम आहे.

चिमूरच्या त्याच प्रकरणात आणखी एक साधक ओढला गेला, आणि त्याची कहाणी महाराष्ट्र जवळजवळ विसरला आहे. प्राध्यापक जयकृष्ण भन्साळी हे साबरमती आश्रमातले, गांधीजींच्या साप्ताहिकांचे काम पाहिलेले विद्वान. पुढे त्यांना तीव्र वैराग्य आले. मौनाचे व्रत घेऊन ते देशभर अनवाणी भटकले. मौन मोडू नये म्हणून त्यांनी आपले ओठ तांब्याच्या तारेने शिवून घेतले होते. कच्चे पीठ आणि कडुनिंबाचा पाला यांवर ते राहिले. गांधीजींनी त्यांना समजावून पुन्हा माणसांत आणले आणि ते सेवाग्रामला सूत कातत राहू लागले. देहदंडाची इतकी पराकोटी केलेल्या माणसाला जग सोडून देणे सोपे होते. पण चिमूरच्या बायकांवर काय गुजरले हे कळल्यावर हा मौनी माणूस दिल्लीला गेला आणि व्हाइसरॉयच्या मंडळातले वऱ्हाडचे लोकनायक बापूजी अणे यांच्या दारी चौकशीची मागणी घेऊन बसला. मागणी फेटाळली गेली तेव्हा त्यांनी उपवास सुरू केला. पोलिसांनी त्यांना पकडून परत आणले, तरी ते चिमूरकडे पायी निघाले. तो उपवास ६३ दिवस चालला. त्याच्या बातम्या छापायला सरकारने बंदी घातली, म्हणून जानेवारी १९४३ मध्ये देशातल्या वृत्तपत्रांनी एक दिवस प्रकाशन बंद ठेवले. बातम्यांवरची बंदी उठवण्यास सरकार तयार झाल्यावरच १२ जानेवारीला उपवास सुटला.

ओठ शिवून घेण्यापर्यंतचे मौन आणि चिमूरच्या अनोळखी बायकांसाठी केलेला उपवास, यांतली कोणती साधना मोठी? पहिल्या मौनातून त्यांना सोसण्याची ताकद मिळाली असेल. त्या ताकदीला अर्थ आला तो मात्र चिमूरमुळे.

चिमूरहून वरोरा फार लांब नाही. हिंगणघाटला १९१४ मध्ये जन्मलेले मुरलीधर देविदास आमटे, म्हणजेच बाबा आमटे, जमीनदाराघरचे. वकिली शिकले, वरोऱ्यात वकिली केली, गाडीतून फिरले, शिकारी केल्या. हळूहळू त्या आयुष्याचा वीट आला. गांधीजींच्या आणि विनोबांच्या विचारांकडे ते वळले, काही काळ संन्याशासारखे राहिले, वरोऱ्याच्या सफाई कामगारांची संघटना बांधली आणि त्यांचे जिणे कळावे म्हणून स्वतः डोक्यावरून मैला वाहिला. रेल्वेत एका मुलीची छेड काढणाऱ्या गोऱ्या सैनिकांना ते एकटे भिडले, तेव्हा गांधीजींनी त्यांना अभय साधक म्हटले.

आणि मग एका पावसाळी रात्री रस्त्याकडेला त्यांना तुळशीराम दिसला. बोटे झडलेला, जखमांत किडे पडलेला महारोगी. अभय साधक घाबरला आणि घरी पळाला. काही वेळाने परत येऊन त्यांनी त्याला खाऊ घातले, पावसापासून आडोसा केला. तुळशीराम वाचला नाही. पण पुढचे कित्येक महिने आमट्यांना चैन पडेना. ज्याच्यात भीती आहे त्याच्यात प्रेम असू शकत नाही, हे त्यांना त्या रात्री कळून चुकले होते. भीतीवर मात करायची तर भीती जिथे राहते तिथेच जाऊन राहायला हवे, असे त्यांनी ठरवले. ते कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचा अभ्यास करायला गेले आणि जंतू टोचून घेण्याच्या प्रयोगासाठी त्यांनी स्वतःचे शरीर पुढे केले.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली. १९५१ च्या जूनमध्ये, वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशातले चौदा रुपये एवढ्यावर आनंदवन सुरू झाले. त्यांच्या पत्नी साधनाताई दोन लहान मुलांना घेऊन तिथे राहायला आल्या. त्यांच्या होकाराशिवाय हे घडले नसते. विहीर खणणे, दगड वेचणे, भाजी पिकवणे ही तिथली उपासना झाली. समाजाने टाकलेल्या माणसांनी स्वतःच्या हातांनी उभे केलेले हे गाव आहे. १९७३ मध्ये डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे भामरागडच्या जंगलात हेमलकसाला माडिया गोंडांमध्ये जाऊन राहिले, तीही याच प्रवाहाची पुढची धार.

बाबांच्या आयुष्यातला तुळशीरामचा प्रसंग पुष्कळदा दयेची गोष्ट म्हणून सांगितला जातो. तो आत्मपरीक्षणाचा प्रसंग आहे. त्या रात्री बाहेर जे घडले ते थोडे होते. खरी उलथापालथ नंतरच्या महिन्यांत आत झाली. आपण पळालो, हे त्यांनी स्वतःपासून लपवले नाही. त्या पळण्याकडे रोज पाहत राहणे ही त्यांची साधना होती. ध्यानाच्या वर्गात मन शांत करायला शिकवतात. आमट्यांनी मन शांत होऊ दिले नाही, आणि त्या अशांततेतूनच त्यांना आयुष्याचे काम सापडले. आत्म्याचे प्रयोजन नेहमी आनंदाच्या लहरीवर बसून येते असे नाही. कधी ते आपल्याला सर्वात जास्त किळस आणि भीती वाटते त्या दारातून आत येते.

इथवरच्या दाखल्यांत आधी आतली तयारी आणि मग बाहेरचे काम, असा एक क्रम दिसतो. गडचिरोलीतल्या एका डॉक्टरांनी तो क्रम उलटा जगून दाखवला.

डॉ. अभय बंग वर्धा-सेवाग्रामच्या वातावरणात वाढले. वडील ठाकुरदास बंग हे सर्वोदयी अर्थशास्त्रज्ञ. अभय आणि त्यांचे बंधू या दोघांनी कोवळ्या वयातच ठरवले होते की एकाने खेड्यातली शेती सुधारायची आणि दुसऱ्याने खेड्यातले आरोग्य. म्हणजे प्रयोजन शोधत फिरण्याची वेळच आली नाही. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग गडचिरोलीला आले आणि त्यांनी ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. खेड्यातल्या स्त्रियांच्या आजारांवर राणीताईंचा अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापला. दारूमुक्तीचे आंदोलन झाले. १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी आली. नवजात बाळांचे मृत्यू रोखण्यासाठी गावातल्याच बाईला शिकवून तिला आरोग्यदूत करण्याचा प्रयोग ३९ गावांत उभा राहत होता.

आणि १९९५ मध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी, डॉक्टरांना हृदयविकाराचा झटका आला.

सेवेत बुडालेल्या माणसाचे स्वतःकडे लक्ष नसते, याचे हे उदाहरण म्हणून सोडून देता आले असते. बंगांनी तसे केले नाही. २००० साली आलेल्या ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकात त्यांनी आपल्या आजाराची चिकित्सा केली. आहार, चालणे, योगासने, प्राणायाम, ध्यान यांबरोबरच घाई, राग, यशाची हाव आणि मृत्यूचे भय यांचाही हिशेब त्यांनी मांडला. अमेरिकेतले डॉ. डीन ऑर्निश यांनी १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले होते की कठोर शाकाहार, व्यायाम, ध्यान आणि माणसांचा आधार यांनी हृदयाच्या रक्तवाहिन्यांतले अडथळे कमी होऊ शकतात. त्याचा आधार घेऊन बंग स्वतःच्या शरीर-मनावर प्रयोग करत राहिले. मराठी घराघरांत ते पुस्तक पोचले, कारण एका शास्त्रज्ञाने त्यात उघडपणे सांगितले की काम चांगले असले तरी काम करणारा आतून रिता होऊ शकतो.

त्याच काळात आरोग्यदूतांचे काम पुढे जात राहिले. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: त्या ३९ गावांत नवजात मृत्यूदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आला होता. पुढे २०११ मध्ये केंद्र सरकारने आशा कार्यकर्तींमार्फत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याची हीच पद्धत देशभर स्वीकारली. साधनेमुळे हे यश आले असा सोपा दावा कोणी करू नये. त्यामागे शेकडो बायकांची मेहनत आणि काटेकोर विज्ञान आहे. पण मोठ्या कामाच्या ऐन भरात थांबून स्वतःकडे पाहणे म्हणजे कामाशी बेईमानी नव्हे, हे गडचिरोलीने दाखवून दिले. सेवाभावी संस्थांमध्ये दमून, कडवट होऊन बाहेर पडणारी चांगली माणसे महाराष्ट्राने थोडी पाहिलेली नाहीत. त्यांना ध्यानाची गरज आहे, तितकीच ध्यान करणाऱ्यांना त्यांच्या गावांची आहे.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. अध्यात्माचे अंतिम उद्दिष्ट मुक्ती आहे. समाजकार्य ही त्याच्या फार खालची पायरी, तिच्यात साधक अडकला तर तो मूळ वाट चुकतो, असे म्हणणारे जाणकार आहेत. तो विचार प्रामाणिक आहे. पण मराठी संतपरंपरेने तो मानलेला दिसत नाही. देहूच्या तुकोबांनी भंडारा डोंगरावर चिंतन केले आणि आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. म्हणजे त्यांच्या वैराग्याचा पहिला लाभ गावातल्या ऋणकोंना झाला. ज्ञानेश्वरांनी ग्रंथ संपवताना मागितलेले दान स्वतःसाठी नव्हते. विपश्यनेच्या शिबिरातही नऊ दिवसांच्या मौनानंतर दहाव्या दिवशी सगळ्यांसाठी मंगल मैत्रीची साधना शिकवली जाते. जिथे जिथे साधना खोल गेली, तिथे ती दुसऱ्याकडे वळल्याखेरीज राहिली नाही.

चंद्रपूर शहराने तर एका संपूर्ण समाजाचा आत्मनिर्णय पाहिला आहे. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात हजारो लोकांना बौद्ध धम्माची दीक्षा दिली. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांचा त्या आयोजनात मोठा वाटा होता. येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ रोजी केलेल्या धर्मांतराच्या घोषणेपासून या दिवसापर्यंत २१ वर्षे गेली होती. या काळात बाबासाहेबांनी धर्मग्रंथांचा, इतिहासाचा, स्वतःच्या मनाचा जो धांडोळा घेतला, त्याला साधना म्हणायला कोणाची हरकत असेल? आपण कोण आहोत याचे उत्तर त्यांनी एकट्यापुरते घेतले नाही. ज्यांना हजारो वर्षे तो प्रश्न विचारूही दिला गेला नव्हता, त्यांच्याबरोबर घेतले. दीक्षेच्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्रद्धेचा भाग आहे तसाच रोजच्या वागणुकीचाही आहे: खोटे बोलणार नाही, चोरी करणार नाही, दारू पिणार नाही. म्हणूनच दरवर्षी ऑक्टोबरमध्ये चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर गर्दी लोटते.

एकत्र बसून आत पाहण्याची रीत गोंड समाजात जुनीच आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गावाने ती आजच्या कायद्यापर्यंत नेली. १९८० च्या दशकात इचमपल्ली आणि भोपालपट्टणम या धरणांविरुद्ध आदिवासींचे आंदोलन झाले. बाबा आमटेही त्यात होते. त्यातून मेंढ्यातल्या लोकांपुढे प्रश्न उभा राहिला की आपण नको काय ते सांगितले, पण हवे काय? देवाजी तोफा आणि गावकरी, तसेच मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे साथी अभ्यास गटात वर्षानुवर्षे बसले. निर्णय बहुमताने घ्यायचा नाही, सर्वांच्या सहमतीने घ्यायचा, असे ठरले. बायकांचे म्हणणे ऐकले गेले तेव्हा दारूला आवर बसला. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथूनच देशभर गेली. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती दिले.

यात अध्यात्म कुठे आले, असे कोणी विचारेल. सर्वसहमतीसाठी प्रत्येकाला स्वतःचा हेका सोडावा लागतो. दुसऱ्याचे म्हणणे पूर्ण ऐकेपर्यंत गप्प राहावे लागते. राग आला तरी उठून जाता येत नाही. पुढच्या बैठकीला पुन्हा त्याच माणसासमोर बसावे लागते. अहंकार झिजवणारी याहून कडक साधना कुठल्या शिबिरात मिळत असेल, असे वाटत नाही.

आजच्या तरुणांसाठी या परंपरेचे सर्वात जवळचे दार ‘सर्च’च्या शोधग्राम या परिसरात आहे. २००६ पासून तिथे ‘निर्माण’ हा उपक्रम चालतो. विशीतली मुले-मुली शिबिरांसाठी येतात. मी कोण, माझ्या गरजा किती, माझ्या काळाची हाक काय, असे प्रश्न त्यांच्यापुढे ठेवले जातात. मग त्यांना गावात पाठवले जाते. वैद्यकीय पदवी घेतलेल्या कित्येक तरुणांनी त्यातून एक वर्ष दुर्गम भागात काम केले. काही तिथेच राहिले, काही शहरात परतले आणि वेगळ्या नजरेने काम करू लागले. गांधी आणि विनोबांनी गीतेतल्या स्वधर्माला जो अर्थ दिला, तोच इथे तरुणांच्या भाषेत मांडला जातो: आपला स्वभाव आणि समोरच्या समाजाची गरज जिथे एकत्र येतात, तिथे आपले काम असते. नाझी छळछावण्यांतून वाचलेले व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल १९४६ मध्ये याच निष्कर्षापाशी पोचले होते. आयुष्याचा अर्थ स्वतःतच शोधत बसलेल्याला तो सापडत नाही. एखादे काम किंवा एखादा माणूस आपली वाट पाहत आहे, या जाणिवेत तो सापडतो, असे त्यांचे म्हणणे होते.

गडचिरोलीच्या तरुणांना आज या प्रश्नाची धार अधिक लागते. एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या लोहखनिजाची वाहतूक वाढते आहे, पैसा येतो आहे, रस्ते होत आहेत. दुसरीकडे स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत मुले वर्षामागून वर्षे बसलेली आहेत. ज्याची निवड होते तो सुटला आणि ज्याची होत नाही तो संपला, अशी समजूत घराघरांत घट्ट झाली आहे. या मुलांना कोणी ध्यान शिकवले तरी ते बहुतेक वेळा एकाग्रता वाढवून गुण मिळवण्यासाठी शिकवले जाते. ज्या मातीत गोंदोडा आणि आनंदवन आहे, तिथल्या मुलाला आपले मोल निकालाच्या यादीवरून ठरवावे लागावे, ही मोठी हानी आहे.

हे बदलण्यासाठी नवी संस्था काढण्याची गरज नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या महाविद्यालयांसाठी २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची शिबिरे दरवर्षी खेड्यांत होतातच. बरेचदा ती श्रमदानाची छायाचित्रे आणि पाहुण्यांच्या भाषणांत संपतात. त्याच सात दिवसांत पहाटेचा अर्धा तास मौनाचा ठेवता येईल. दुपारी गावातल्या एका घरात, भाषण न देता, फक्त ऐकायला बसता येईल. संध्याकाळी गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेत किंवा बुद्धविहारातल्या वंदनेत गावकऱ्यांबरोबर बसता येईल आणि रात्री वहीत एकच नोंद करता येईल: आज मला कशाची भीती वाटली आणि कोणाची गरज दिसली. यासाठी वेगळा निधी लागत नाही. कार्यक्रम अधिकाऱ्यांची इच्छा लागते.

ज्यांचे शिबिराचे वय उलटले आहे, त्यांच्यासाठीही वाट बंद नाही. प्रत्येकाने आनंदवन उभारावे अशी अपेक्षा कोणी करत नाही, आणि ती करूही नये. तलाठी, शिक्षिका, परिचारिका, बँकेतला कारकून, शेतकरी यांच्यासमोर रोज कोणी ना कोणी तुळशीराम येतच असतो. अनेकदा तो कागद हातात घेऊन रांगेत उभा असतो. पहाटे ध्यान करणारा अधिकारी दुपारी त्या माणसाला खुर्ची देत नसेल, तर त्याच्या ध्यानाचा हिशेब कुठेतरी चुकतो आहे.

म्हणून ध्यानाला बसणाऱ्या प्रत्येक वाचकाला एकच विनंती आहे. बसणे सोडू नका. वेळ, आसन, नियम सगळे पाळा. फक्त आठवड्यातला एक ठरावीक वेळ आपल्या गावातल्या किंवा वस्तीतल्या अशा माणसासाठी ठेवा, ज्याच्याकडे जायला आजवर मन कचरत आले आहे: एकटा पडलेला म्हातारा, कुष्ठरोगातून बरा होऊनही दूर ठेवलेला शेजारी, दारू सोडू पाहणारा तरुण, शाळा सुटलेली मुलगी. वर्षभर हे करून पाहा आणि आपले प्रयोजन काय, हा प्रश्न त्यानंतर स्वतःला पुन्हा विचारा.